कारण कुठल्या पानावर आहे?

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नाही म्हणून खुर्चीत बसूनच घालते आहे, तू मला मनाने जमिनीवर पाहून घे.) तुझी कंबर आता कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला, की त्याला घरात कायमची खोली दिलीत? माझी तब्येत बरी आहे, म्हणजे गुडघा सोडून बाकीची बरी आहे. तुझं पत्र येऊन तीन आठवडे होत आले आणि मी दोन ओळीसुद्धा पाठवल्या नाहीत, म्हणून तू रागावली असशील. रागाव, पण हे पत्र पुरं वाचल्यावर रागाव. उशिराचं कारण सांगायला बसले तर ते लांबणार आहे, तेव्हा पाठीशी उशी घे आणि भाऊजींना रेडिओ बंद करायला सांग.

आधी एक खुलासा. भाऊजी अजून चारचौघांत ‘आमची मेहुणी संसदेत टायपिस्ट आहे’ असं सांगतात हे माझ्या कानावर आलं आहे. मी टायपिस्ट नाही. सभागृहात जो कोणी जे काही बोलतो, ते त्याच्या तोंडून बाहेर पडताक्षणी लघुलिपीत उतरवून घेते, मग त्याची शुद्ध प्रत करते, आणि ती प्रत म्हणजे देशाचं अधिकृत कार्यवृत्त. ते छापलं जातं आणि शंभर वर्षांनी भांडण झालं तर तेच उघडून बघतात. लांब भाषणाला आम्ही दोघं असतो. दहा मिनिटं मी, दहा मिनिटं माझा जोडीदार, पुन्हा मी. या जोडीदाराला सगळे पोपट म्हणतात, कारण ऐकलेलं तो जसंच्या तसं म्हणून दाखवतो, जांभईसकट. आमच्या वर मुख्य प्रतिवेदक. त्यांना आम्ही पूर्णविराम म्हणतो. ते खोलीत आले की बोलणं संपतं. या नोकरीत मला सव्वीस वर्षं झाली आणि सव्वीस वर्षांत माझ्याविरुद्ध एकच तक्रार आली. आपण समोरच्याला ‘गाढव’ म्हणालोच नाही, असं एका सदस्याचं म्हणणं होतं. चौकशी झाली. म्हणाले होते.

आता त्या मंगळवारकडे येते, ज्या मंगळवारी आपण युद्धात उतरलो. युद्ध काही नवीन नव्हतं. दोन वर्षं चाललंय, निम्मं जग त्यात आहे, आणि आपण सकाळी चहाबरोबर त्याच्या बातम्या वाचून ‘अरेरे’ म्हणत होतो. मग महिनाभर सगळीकडे नुसती कुजबुज. मंगळवारी प्रेक्षकांचे सज्जे इतके भरले की खांबांना टेकायलाही जागा नव्हती. पंतप्रधान बरोबर अकराला उठले आणि बारा चाळीसला बसले. शंभर मिनिटं, पाच पाळ्या माझ्या, पाच पोपटच्या. ताई, आवाज असा लागला होता की खुर्च्यांच्या गाद्यांनाही भरून यावं. मी कंसात ‘टाळ्या’ असं एक्केचाळीस वेळा लिहिलं. शेवटी सगळं सभागृह उभं राहिलं, मतदान झालं, आणि जेवणाच्या सुट्टीआधी देश युद्धात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी छापखान्यातून फोरमनचा फोन आला. हे फोरमन सावकाश बोलणारे, सभ्य गृहस्थ आहेत. माझी ‘र’ची वेलांटी त्यांनी आजवर कितीदा तरी न सांगता दुरुस्त केली आहे. वरून हुकूम आला होता की हे भाषण प्रत्येक पोस्टात, शाळेत आणि स्टेशनावर लावायचं, आणि आपण युद्धात का उतरलो ते वाक्य ठळक टाइपात घ्यायचं, लांबून वाचता यावं म्हणून.

“बाई, ठळक कुठलं करू?”

“कारणाचं.”

“ते कुठल्या पानावर आहे?”

मी म्हटलं, असेल बाराव्या-तेराव्या पानावर, जरा बघा. ते म्हणाले, “मी तीनदा वाचलंय, बाई. मला नाही सापडलं. पण मी काय, छपाईचे खिळे जुळवणारा माणूस. तुम्ही स्वतः ऐकलंय.”

मी हसत हसत प्रत उघडली. पान बारा: आपल्या नद्या. पान तेरा: आपले डोंगर. पान चौदावर पूर्वज आले ते सतरापर्यंत हलले नाहीत. ‘वेळ आली आहे’ हे अकरा वेळा. कशाची ते नाही. ‘आम्ही मागे हटणार नाही’ हे सात वेळा. कुठून ते नाही. ‘म्हणूनच’ हा शब्द एकोणीस वेळा होता, आणि त्याच्या आधी काय आहे ते बघायला मागे गेले की आधीचं ‘म्हणूनच’ भेटे. दुपारपर्यंत मी सगळं भाषण दोनदा पालथं घातलं. कारण नव्हतं. म्हणजे माझ्याकडून सुटलं होतं! एवढा मोठा देश एवढ्या मोठ्या युद्धात काही न सांगता उतरणार नाही, हे मला समजत होतं. तेव्हा ते वाक्य बोललं गेलं होतं, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी नेमकं तेच गाळलं होतं.

(तेवढ्यात माझ्या मनात आलं की माझ्याकडून नाही, पोपटकडून. त्याच वेळी त्याच्या मनात आलं की माझ्याकडून. ही नोंद प्रामाणिकपणे करते.)

आम्ही दाराला कडी लावली, दोघांच्या वह्या जमिनीवर ओळीने मांडल्या आणि गुडघ्यांवर रांगत एकेक रेघ तपासली. माझा गुडघा तिथूनच गेला. पाळी बदलताना एखादं वाक्य दोघांच्या मधे पडलं असेल म्हणून जोडही तपासले. एकही निसटलेला नव्हता. शेवटी पोपट म्हणाला, मी म्हणूनच दाखवतो. तो स्टुलावर उभा राहिला आणि त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत भाषण केलं. पंतप्रधानांचा आवाज, थांबे, पाणी पिणं, सगळं. शेजारच्या खोलीतल्या टायपिस्ट बाया दारापाशी जमल्या आणि शेवटी त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यातल्या एकीने डोळे पुसले. मी तिला विचारलं, कारण ऐकलंस का गं? ती म्हणाली, “अय्या, ऐकलं की!” मी म्हटलं, काय? ती म्हणाली, “आता शब्द नाही आठवत.”

गुरुवारी मी सदस्यांकडे निघाले. मतं त्यांनी दिली होती, त्यांना माहीत असणारच. पहिले एक वकील. ते म्हणाले, सोपं आहे, आपला मित्रदेशाशी करार आहे, पंतप्रधान त्यावर अर्धा तास बोलले. मी वही उघडून दाखवली. ‘करार’ हा शब्द एकदाही नव्हता. ‘मैत्रीचा हात’ एकदा होता आणि तो कोणाला दिला ते दिलेलं नव्हतं. वकील म्हणाले, “मग तो तुमच्याकडून गळला.” दुसरे जहाजांच्या धंद्यातले. त्यांचं म्हणणं, आपलं मालाचं जहाज बुडवलं हेच कारण, आणि ते ऐकताना त्यांच्या अंगावर काटा आला होता. वहीत ‘राष्ट्राची नौका’ तेवढी सापडली, तीही वादळात होती, बुडालेली नव्हती. तिसरे म्हणाले, शेजारचा देश उतरला, मग आपण घरात बसून कसं चालेल. चौथे दार नीट लावून म्हणाले की युद्ध संपल्यावर तहाच्या टेबलाशी खुर्ची हवी असेल तर आधी रणांगणात उभं राहावं लागतं. पंतप्रधान हे स्पष्ट बोलले होते, पण आपण लिहून घेऊ नये. सत्ताधारी पक्षाचे प्रतोद म्हणाले, कारण पुढच्या आठवड्यात कळेल, काळजी नसावी. प्रत्येकाने कारण स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं.

सर्वांत शेवटी मी सभागृहातल्या सगळ्यात म्हाताऱ्या सदस्यांकडे गेले. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. ते वऱ्हांड्यात कुंड्यांतली वाळकी पानं खुडत होते. माझा प्रश्न त्यांनी उजव्या कानाने ऐकला, कात्री खाली ठेवली आणि म्हणाले, “मला नाही ऐकू आलं, बाई. मला वाटलं, माझ्या कानाचा दोष. सगळे उभे राहिले, तेव्हा म्हटलं, त्यांनी ऐकलं असेल. मीही हात वर केला.” मग ते हळूच म्हणाले, “तुम्हाला तरी आलं ना?” ताई, मला त्यांना खोटं सांगायचा फार मोह झाला. सांगितलं नाही. निघाले तेव्हा ते कुंडीकडे पाठ करून उभे होते आणि कात्री तशीच जमिनीवर पडली होती.

त्या संध्याकाळी पूर्णविरामांनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर तीन टाइप केलेली वाक्यं होती, पंतप्रधानांच्या कचेरीतून आलेली, तीन वेगवेगळ्या कारणांची. “यातलं कुठलंही घाला. जागेत मावेल ते घ्या.” मी म्हटलं, यातलं एकही बोललं गेलेलं नाही. ते म्हणाले, बोलायचं होतं. मी म्हटलं, बोलायचं होतं त्याची नोंद घेणारं खातं वेगळं असेल, मी बोललेल्याच्या खात्यात आहे. पूर्णविरामांसमोर त्यांच्यानंतर कोणी बोलल्याची ही पहिली वेळ.

शुक्रवारी दहा वाजता मी पंतप्रधानांच्या कचेरीबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. चिटणीस म्हणाले, आज भेट अशक्य आहे. मी म्हटलं, बसते. बाराला म्हणाले, खरोखर अशक्य आहे. मी म्हटलं, बसलेय. दोन वाजता त्यांनी मला चहा दिला, त्यावरून मी ओळखलं की आता आत सोडणार. बाकावर बसणं हा माझा पेशा आहे हे त्या बिचाऱ्यांना माहीत नव्हतं.

ताई, सज्ज्यातून दिसतात त्यापेक्षा पंतप्रधान बरेच लहान आहेत. बूट काढून, मोज्यांचे पाय टेबलाखालच्या आडव्या पट्टीवर ठेवून बसले होते, आणि एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. मी सगळं सांगितलं. माझ्याकडून सुटलं असेल तर मला काढून टाका, पण वाक्य द्या, म्हणजे दुरुस्तीपत्रक काढता येईल, असंही म्हटलं. त्यांनी प्रत घेतली आणि सावकाश, पहिल्या पानापासून वाचली. तीन-चार जणांनी मिळून लिहिलेलं ते भाषण, स्वस्थ बसून ते पहिल्यांदाच वाचत असावेत. अठराव्या पानाशी थांबले.

“इथे होतं,” ते म्हणाले. “इथे टाळ्या झाल्या ना मोठ्या?”

“चाळीस सेकंद,” मी म्हटलं.

“टाळ्या थांबेनात. मला वाटलं, आता कारण कशाला सांगायचं, लोक तयार आहेत. मी दोन पानं एकदम उलटली.” आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. “म्हणजे तुमचा दोष नाही, बाई. ते पान इथेच असणार.”

मला इतकं हलकं वाटलं की गुडघा दुखायचा थांबला. आम्ही दोघांनी मिळून खण उपसला. मूळ भाषणाचे कागद सापडले. अठरा. वीस. आणि अठराच्या मागे चिकटलेलं एकोणीस. त्यांनी ते नखाने सोडवलं, वाचलं, आणि माझ्याकडे दिलं. वर सुंदर अक्षरात लिहिलं होतं: ‘येथे कारण.’ आणि खाली बारीक अक्षरात: ‘मजकूर परराष्ट्र खात्याकडून येणे बाकी.’ उरलेलं पान कोरं होतं.

पंतप्रधानांनी तिथल्या तिथे परराष्ट्र खात्याला फोन लावला. पलीकडचं बोलणं मला ऐकू आलं नाही, पण फोन ठेवून ते म्हणाले, “ते म्हणतात, मजकूर माझ्या कचेरीतून यायचा होता.”

मग ते म्हणाले, मी आत्ता सांगतो, तुम्ही उतरवून घ्या. मी म्हटलं, घेते, पण त्यावर तारीख आजची पडेल. मंगळवारची नाही. ते रागावले नाहीत. मला वाटतं, ते सांगण्यासारखं काही शोधत होते आणि हाताला तीन-चार गोष्टी एकदम लागत होत्या. शेवटी त्यांनी मलाच विचारलं, “तुम्ही तिथे होतात. शेवटी सगळे उभे राहिले तेव्हा तुम्ही काय केलंत?”

ताई, हे मी पोपटलाही सांगितलेलं नाही. आम्ही टाळ्या वाजवायच्या नसतात, तो नियमच आहे. पण त्या दिवशी मी पेन्सिल ठेवली, उभी राहिले आणि वाजवल्या. मी तसं सांगितलं.

“का?” पंतप्रधान म्हणाले.

मी नकळत प्रतीची पानं उलटून बघितली. मग त्यांनी बूट घातले, मी प्रत उचलली, आणि निघताना म्हटलं की जसं आहे तसंच छापायला देते. त्यांनी होय म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मी कार्यवृत्ताच्या नियमाप्रमाणे त्याचा अर्थ ‘आक्षेप नाही’ असा घेतला.

शनिवारी मी स्वतः प्रत घेऊन छापखान्यात गेले. फोरमन शाईने माखलेला एप्रन लावून उभे होते. मी सांगितलं, कारण नाही. माझ्याकडून सुटलेलं नाही, नाहीच आहे. त्यांनी मान हलवली आणि हात पुसत म्हणाले, “माझ्या दोघांना बोलावणं आलंय, बाई. थोरला बुधवारी गेला, धाकटा परवा जाईल. म्हणून तीनदा वाचलं होतं. त्यांना काय लिहू?” सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांची उत्तरं लिहीत आले, पण त्या माणसाला द्यायला माझ्याजवळ काही नव्हतं. मी तिथेच खिळ्यांच्या पेटीशेजारी बसून राहिले, त्यांनी दिलेलं पाणी प्यायले, आणि ठरवलं की हे प्रकरण मी सोडणार नाही.

ठळक टाइपात मात्र काहीतरी हवंच होतं, हुकूम होता. फोरमननी कुठली ओळ घ्यायची ते स्वतःच ठरवलं, मी काही सुचवलं नाही. (सुचवलं.) त्यामुळे आज देशातल्या प्रत्येक पोस्टात, शाळेत आणि स्टेशनावर, लांबून वाचता येईल अशा अक्षरात लिहिलेलं आहे: ‘सर्व सभागृह उभे राहून टाळ्या वाजवते.’ पहिले पाच दिवस कोणाच्या काही लक्षात आलं नाही. मग पोस्टाच्या रांगांत लोक एकमेकांना विचारायला लागले की कशाबद्दल? आणि सहाव्या दिवशी पूर्णविरामांनी मला पुन्हा बोलावलं.

काढून टाकलं नाही. पाणीपुरवठा समितीवर बदली केली. काल एका गल्लीत दीड इंचाऐवजी दोन इंची पाइप टाकावा की नाही यावर तीन तास चर्चा झाली. ताई, एकेकाने अशी कारणं दिली, की माझी पेन्सिल दोनदा मोडली! उतार, दाब, घरं, भविष्यातली घरं. एका सदस्याने तर एका म्हातारीचं नाव-पत्ता सांगून ती बादली कुठून कुठवर उचलते ते पावलं मोजून सांगितलं. आणि एवढं होऊनही ठराव पुढच्या बैठकीवर गेला, कारण माहिती अपुरी होती. मी मान खाली घालून लिहीत होते, पण डोळ्यांत पाणी येत होतं.

दर सोमवारी मी पंतप्रधानांच्या कचेरीला स्मरणपत्र पाठवते. ‘पान एकोणीसवरील मजकूर येणे बाकी आहे, कृपया त्वरित पाठवावा.’ आतापर्यंत तीन गेली. निवृत्तीला चार वर्षं आहेत. पोपटही सही करतो. परवा तर त्याने आपण होऊन पत्र मागून घेतलं.

भाऊजींना नमस्कार, तुला पुन्हा एकदा नमस्कार, आणि खोकल्याला गरम पाण्याची वाफ.

तुझी,
धाकटी

ता. क. – तुझ्या पत्रातल्या शेवटच्या परिच्छेदाला उत्तर द्यायचं मी टाळत आले, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. चिरंजीव पुढच्या महिन्याच्या एक तारखेला भरतीचा अर्ज देणार, तुझं रडणं आणि भाऊजींचं ओरडणं दोन्ही ऐकत नाही, आणि ‘मावशी स्वतः सभागृहात होती, कारण पटण्यासारखं नाही असं ती म्हणाली तरच थांबेन’ असं म्हणतो, हे वाचलं. हे सगळं पत्र त्याच्यासाठीच लिहिलं आहे. त्याच्या हातात दे आणि तू स्वयंपाकघरात जा. त्याला सांग, पटण्यासारखं नाही असं मावशी म्हणत नाही. कारण मिळाल्याशिवाय ते पटतं की नाही ते मी सांगणार कशी? मात्र त्या अर्जात ‘भरती होण्याचे कारण’ असा एक रकाना आहे, मी मुद्दाम मागवून पाहिला. तो भरल्याशिवाय सही करायची नाही. एकच वाक्य, स्वतःचं, कोणाच्या भाषणातलं नको. ‘म्हणूनच’ने सुरू करायचं नाही. आणि अर्ज देण्याआधी ते मला तपासायला पाठवायचं. माझी एवढी एकच मागणी आहे, आणि मावशीचा एवढा हक्क आहे असं मी समजते.

ता. क. दुसरा – हा वेगळ्या चिठोऱ्यावर, फक्त तुला; पत्र त्याच्या हातात देण्याआधी काढून घे. त्याचं पहिलं वाक्य मी परत पाठवणार आहे. दुसरंही. तिसरं चांगलं असलं तरी अक्षर लागत नाही म्हणून पाठवीन. तू शाई भरपूर आणून ठेव.